पहिला पेला बेसिनमध्ये

बाबा,

काल मी मुरब्याला जाऊन आलो. जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक भरलेली बाटली होती. परत येताना ती अर्धी होती. एका प्रश्नाचे उत्तर आणण्यासाठी गेलो होतो. ते मिळाले नाही. त्याऐवजी जे मिळाले, ते कोणाला तरी सांगितल्यावाचून आज मला कामाला हात घालता येईना, आणि सांगण्याजोगे माणूस तुमच्याशिवाय दुसरे कोणी उरलेले नाही. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षे झाली. आपल्यात पत्रव्यवहार असा कधीच नव्हता. तुम्हाला वाचता येत नसे, आणि मला तुम्हाला काही सांगावेसे वाटत नसे. या दोन्ही अडचणी आता राहिलेल्या नाहीत.

प्रश्न साधा होता. गेली सतरा वर्षे मी जांभळाची तांबडी वाइन करतो. तुम्ही उभ्या आयुष्यात एकदाच, माडीच्या मडक्यात जांभळे घालून जी केली होती, तिच्यासारखी माझी झाली आहे का, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. तुमच्या हातची ती चव माहीत असलेली दोनच माणसे आता जगात आहेत, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो आहे : एक मुरब्याची मावशी, जी (हे त्यांना सांगत नाही) तुमच्याकडून माडी नेत असे आणि बदल्यात सुके बोंबील देत असे, आणि दुसरा मी. माझ्या प्रत्येक बाटलीवर एक ओळ छापलेली असते, ‘वडिलांच्या हातच्या चवीवरून’. ती ओळ मी स्वतः लिहिली आणि छापण्यापूर्वी तीन वेळा तपासली. असे असताना निवाडा करायला मावशीकडे जाण्याची मला गरज का पडली, ते यथाक्रम सांगतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी तारापूरच्या रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा प्रमुख होतो, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर मी वैतरणेच्या खाडीपासून थोडे आत, सफाळ्याकडच्या डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी जागा घेतली. पत्र्याची शेड, सहा पोलादी टाक्या, भिंतीवर चौकटीत लावलेला सरकारी परवाना. शेडच्या दारापाशी चिनी मातीचे एक पांढरे बेसिन आहे. ते मी बोईसरच्या एका भंगारवाल्याकडून आणले. त्याला नळ नाही. खाली एक बादली ठेवलेली असते. दर हंगामाला प्रत्येक टाकीतला पहिला पेला मी त्या बेसिनमध्ये ओततो, बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उजेडात त्याचा रंग पाहतो, आणि रंग मनासारखा असेल तरच दुसरा पेला ओठांना लावतो. पाहुण्यांना मी सांगतो की पांढऱ्या पार्श्वभूमीवर रंगाची पारख अचूक होते. ते खरेही आहे. फळे वेचणाऱ्या बायकांची जी मुकादम आहे, डोंगरातल्या एका पाड्यावरची, ती मात्र दर वर्षी न चुकता इतर बायकांना सांगते, “सायबांचा पयला पेला मोरीला. मोरीला चढली का तं मंग आपल्याला.” सगळ्या हसतात. मीही हसल्यासारखे करतो. शेडमध्ये हसण्याचा आवाज वर्षातून तीन आठवडेच असतो. एरवी टाक्यांच्या झाकणांतून निघणाऱ्या बुडबुड्यांशिवाय तिथे काही ऐकू येत नाही. तुमची सून जाऊन सहा वर्षे झाली. नात परदेशात असते आणि रविवारी फोन करते. मी डबा एकटाच खातो, आणि अलीकडे माझ्या लक्षात आले आहे की टाक्यांना मी नावाने नव्हे, पण क्रमांकाने हाक मारू लागलो आहे.

जांभूळ हे फसवे फळ आहे, बाबा. साल काळीभोर, गर फिकट, बी तुरट. रंग सगळा सालीत असतो आणि कडूपणा सगळा बीमध्ये. म्हणून जांभळाची वाइन म्हटली की बहुतेक जण फळे ठेचतात, यंत्राखाली दाबून थेंबन् थेंब काढतात, आणि मग तो तुरटपणा झाकण्यासाठी साखर घालतात. जे हाती येते ते शाईसारखे दिसते आणि औषधासारखे लागते. पहिली चार वर्षे मीही तेच केले. आता माझी रीत निराळी आहे. जांभळाचे लाकूड ठिसूळ. फांदीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून झाडाभोवती बांबूंची परांची बांधायची आणि फळ हाताने, एकेक पाहून उतरवायचे. टोपलीत चार बोटांहून जाड थर नको, कारण वरच्यांच्या भाराने खालची फुटतात. फळे टाकीत अख्खीच सोडायची. दोन दिवसांत ती आपोआप उकलतात, साली वर तरंगतात. त्या कोपरापर्यंत हात घालून हलकेच बुडवायच्या, घुसळायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी खालची तोटी उघडायची. आपसूक वाहून येईल तेवढे आपले. मागे जो चोथा राहतो त्यात अजून बराच रस असतो, हे मला ठाऊक आहे. तो मी घेत नाही. झाडांच्या बुंध्याशी टाकतो. मुकादमीण पहिल्या वर्षी ते पाहून कळवळली होती. म्हणाली, आमच्या आजीने असा चोथा फेकणाऱ्याला घरात घेतला नसता.

पण एवढे सोडून दिले की राहते ते बोलू लागते. खाडीकडच्या झाडांची फळे आणि डोंगरउतारावरची फळे मी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवतो. खाडीकडचीला शेवटी मिठाची एक बारीक कड असते. उतारावरचे फळ लहान. त्याच्या वाइनला ओल्या दगडाचा आणि चुरडलेल्या पानाचा वास येतो. दाट केली, लाकडाच्या पिंपात मुरवली, गोड केली, की सर्वांत आधी हा फरक मरतो. मग ती कुठल्याही झाडाची, कुठल्याही गावची. मुंबईहून हॉटेलवाले येतात, पेला उजेडात धरतात आणि म्हणतात, काका, चव मस्त आहे, पण कलर जरा डार्क करा ना. मी त्यांना सांगतो की मी पस्तीस वर्षे रंगच केले. मला तो हवा तितका गडद करता येतो, आणि म्हणूनच करत नाही. त्यातले बहुतेक पुन्हा येत नाहीत.

ही रीत मी परदेशी पुस्तके वाचून शिकलो, असा लोकांचा समज आहे. तो मी खोडून काढत नाही. वास्तविक ती मी तुमच्याकडून शिकलो, आणि तीही तुमची बोलणी खाऊन. मी एकोणीस वर्षांचा आहे. कॉलेजच्या सुट्टीत वाडीत आलो आहे आणि तुम्हाला ताप आहे. तुम्ही नको म्हणत असतानाही मी कमरेला कोयती लावून माडावर चढतो. वर पोय आहे, म्हणजे माडाचा तो न उमललेला फुलोरा, जो तुम्ही दिवसातून तीनदा तासत असा, आणि ज्याच्या टोकाखाली मडके बांधलेले असे. तुम्ही कागदासारखी पातळ चकती काढत असा. मला वाटते, जाड काढली तर मडके लवकर भरेल. मी बोटभर जाड चकती काढतो आणि खुशीत खाली उतरतो. तुम्ही घोंगडी पांघरून अंगणात उभे आहात. खाली पडलेली चकती उचलून बोटांत फिरवता.

“जाड काढलीस,” तुम्ही म्हणता. “आता दोन दिस गप बसंल ते. तू त्याला घाबरवलास. काढलंय ते त्याला कळता नाय पायजे.”

मी तुम्हाला म्हणालो की ‘कळता नाय पायजे’ असे म्हणत नाहीत, ‘कळता कामा नये’ असे म्हणतात. तुम्ही चकती खाली टाकलीत. मग म्हणालात, “बरं. तू म्हनतोस तसं. पन जाड काढू नको.”

तो माड तुम्ही म्हणाला होतात तसा दोन दिवस गप्प बसला. त्याच सुट्टीत मी तुम्हाला ‘तू’ म्हणायचे सोडून ‘तुम्ही’ म्हणू लागलो. तुम्ही आईला विचारलेत, मी काय पावना हाय का ह्याचा. मला ते स्वयंपाकघराच्या कुडाआडून ऐकू आले आणि मी पुस्तकात डोके घातले. पुढे कितीतरी वर्षे तुमचे बोलणे कोणाला सांगायची वेळ आली तर मी ते शुद्ध करून सांगत असे. ऐकणाऱ्याला वाटावे, माझे वडील शाळामास्तर असतील. या पत्रात मी तुमचे शब्द तुम्ही बोललात तसेच लिहितो आहे. हात अडखळतो, पण लिहितो आहे.

आता ती सकाळ. कारखान्यात मी कायम झालो त्याला आठवडाही झाला नव्हता. नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘बागायतदार’ असे लिहिले होते. माड आपले नव्हते; दुसऱ्यांच्या माडांवर तुम्ही चढत होतात. प्रयोगशाळेच्या दारात उत्तरेकडचा पहारेकरी आला आणि म्हणाला, “साब, गेट पे कोई बुजुर्ग आया है. बोलता है आपकी वाडी का है, नारियल लाया है.” मी बाहेर आलो. फाटकाच्या बाहेर, सावली सोडून उन्हात, तुम्ही उभे होतात. तुम्ही पहारेकऱ्याला ‘वाडीचा माणूस’ एवढेच सांगितले होते. खोटे बोलायची तुम्हाला सवय नव्हती, म्हणून खरोखरच दोन नारळही आणले होते. ते खाली ठेवून तुम्ही काखेतून, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बाटली काढलीत.

“ह्यातला घोटभर आताच घे,” तुम्ही हळूच म्हणालात. “आज बरोबर झालीय. उद्या ही अशी नसंल.”

मी म्हणालो, इथे नको, रविवारी घरी येतो तेव्हा बोलू. बाटली पदरात लपवावी तशी प्रयोगशाळेच्या डगल्याआड घेतली. नारळ पहारेकऱ्याला देऊन टाकले. तुम्ही वळून रस्त्याला लागलात. तुम्ही मागे पाहिलेत की नाही, ते मला माहीत नाही, कारण मी पाहिले नाही.

आत आलो तर मार्गिकेत साहेबांच्या बुटांचा आवाज येत होता. कारखान्यात मादक पेय आणणे हा बडतर्फीचा अपराध होता. बाटली दडवायला जागा नव्हती. तिला माडीच्या मडक्याचा वास होता, आणि तो वास माझ्या लहानपणाच्या प्रत्येक कपड्याला होता. ही सारी कारणे खरी आहेत. मी ती वर्षानुवर्षे एकामागून एक तपासली आहेत आणि त्यांत एकही खोटे नाही. तरीही त्यांच्यापैकी कोणत्याही कारणासाठी मी ते केले नाही. मी बूच काढले आणि बाटली प्रयोगशाळेच्या पांढऱ्या बेसिनमध्ये उपडी केली.

आत माडी असेल, दुधट पांढरी, असे मी धरून चाललो होतो. बाटलीतून तांबडे आले. मी रंगांचा रसायनशास्त्रज्ञ. दिवसाला वीस तांबडे माझ्या डोळ्यांखालून जात. असे तांबडे मी पाहिले नव्हते. ते इतके पातळ होते की बेसिनच्या तळाच्या जाळीची भोके त्याच्यातून मोजता येत होती, आणि तरी ते फिके नव्हते. कडेला पोहोचताना त्याला जांभळी छटा येई आणि मग ते सरकून जाई. बाटली सरळ करायला एवढा वेळ पुरेसा होता. मी ती सरळ केली नाही. बुटांचा आवाज दारापुढून निघून गेला. साहेब आत आलेच नाहीत. बेसिनमध्ये उरलेले दोन थेंब मी नळ सोडून धुऊन काढले.

रविवारी आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून कोयतीला धार लावत होतात. आईने सांगितले की सफाळ्याकडे ताडी काढायला गेला होतात तेव्हा तिथून तुम्ही जांभळे आणली, एकेक निवडली, माडीच्या मडक्यात अख्खीच टाकली आणि तिसऱ्या दिवशी फडक्यात बांधून आढ्याला टांगली. तिने फडके पिळायला घेतले तर तिच्या हातावर चापट मारलीत. तुम्ही वर न पाहता विचारलेत, “कशी लागली?”

मी म्हणालो, “गोड होती.”

“गोड?” तुमचा हात कोयतीवर थांबला. मग पुन्हा सुरू झाला. “हां. असंल.”

त्यानंतर तुम्ही ती कधीही केली नाहीत, आणि मीही कधी विचारले नाही. तर बाबा, माझ्या जिभेवर माझा विश्वास नाही याचे कारण हे. पाहुण्यांना मी ज्या चवीबद्दल सांगतो, तिचा मला फक्त रंग माहीत आहे. सतरा वर्षे मी त्या रंगाच्या मागे आहे. दाट, काळी, यंत्राखाली दाबलेली ती पहिली चार वर्षांची वाइन मी ज्या दिवशी बेसिनमध्ये ओतून पाहिली आणि जाळी दिसेना, त्या दिवशी दाबायचे यंत्र विकून टाकले. दर वर्षी रंग थोडा थोडा जवळ येत गेला. अडत होते ते एकाच ठिकाणी. आंबवण्यासाठी मी पुडीतले, विकत आणलेले किण्व वापरत असे. तुमच्याकडे ते काम मडक्याने केले होते, वर्षानुवर्षे माडी पिऊन भिजलेल्या त्याच्या भिंतींनी. हे मला रसायनशास्त्र येत असूनही उशिरा सुचले. की सुचूनही मी माडीच्या जवळ जायला इतकी वर्षे घेतली, कोण जाणे. या वर्षी मी मुरब्याच्या वाटेवरच्या एका माडी काढणाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या मडक्याचा गाळ मागितला. त्याने मला खुर्ची दिली. मी त्याला, म्हणजे माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाला, सांगितले की माझे वडील माडी काढत. हे वाक्य मी प्रथमच उच्चारले. तो म्हणाला, “मंग गाळ कशाला मागता, मडकंच न्या.”

त्या मडक्याने उतारावरच्या फळाची तिसऱ्या क्रमांकाची टाकी आंबायला लागली. ती सुरुवातीपासूनच निराळी होती. हळू चालली, आणि वास दडवून ठेवावा तशी शांत राहिली. परवा सकाळी तिच्यातला पहिला पेला मी बेसिनमध्ये ओतला. जाळीची भोके दिसली. कडेला तीच जांभळी छटा आली, आणि सरकून गेली. मी बेसिन धरून उभा राहिलो. मुकादमीण जांभळांचा हंगाम नसतानाही वाल द्यायला आली होती. तिने विचारले, चक्कर येतेय का. मी नाही म्हणालो. रंग आला होता. चव आली होती का, हे सांगणारे एकच माणूस उरले होते.

मावशी आता नव्वदीकडे झुकली आहे. डोळे अधू, कान तेज. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते आणि ती सुपात जवळा निवडत बसली होती. माझे पाऊल वाजताच म्हणाली, “आलास सायबा? का मी मेले का बगाया आलास?” मी बाटली काढली तेव्हा शेजारणीला हाक मारून म्हणाली की बग ग, म्हातारीला दारू पाजाया आलाय शिकलेला मानूस. मी म्हणालो, मावशी, ही दारू नव्हे, वाइन आहे.

“नाव काय पन ठेव,” ती म्हणाली. “चढते ना?”

काचेचा पेला मी बरोबर नेला होता; तिने तो बाजूला सारला आणि घरातून स्टीलचा गडवा मागवला. दोन घोट घेतले. तोंडात फिरवले. सतरा वर्षांत मी इतका घाबरलो नव्हतो, परवान्याच्या तपासणीलाही नाही. शेवटी तिने गडवा डोळ्यांशी नेला, तिरका करून उन्हात धरला आणि म्हणाली, “रंग तोच हाय.”

आणि चव, मी विचारले.

“चव मला रं कुठं ठावं? मला बोट पन बुडवू देला नाय. म्या म्हनलं, घोटभर दे, तं म्हनाला नाय, बाटली पुरी भरली पायजे, पोराला कायमचं काम लागलंय. एकच बाटली झाली. दाबलं असतं तं दोन झाल्या असत्या. दाबू देला नाय कोनाला. तुजी आय पन वासावर राह्यली. सगळी तुलाच आनली त्याने.”

मग ती एकटीच हसू लागली. म्हणाली, त्याच रविवारी संध्याकाळी तुजा बाप बोंबील न्यायला आला होता. हितंच बसला. सांगत होता, पोराला गोड लागली.

“म्या म्हनलं, येड्या, त्यात साकरेचा दाना नाय, गोड कशी लागंल? तं म्हनाला, बापाच्या हातची हाय, लागंल गोड.”

तिने गडवा माझ्याकडे सरकवला. “तूच सांग आता. तूच प्यालेलास. तशीच हाय का?”

मी म्हणालो, “तशीच आहे.”

“मंग झालं तं,” ती म्हणाली आणि पुन्हा जवळा निवडू लागली. निघताना तिने मला सुक्या बोंबलांची एक जुडी दिली. मी नको म्हणालो तर म्हणाली की तुजा बाप कधी नको नाय म्हनला.

आज सकाळी मी शेडमध्ये आलो. तिसऱ्या टाकीतून आजचा पहिला पेला काढला आणि सवयीने बेसिनपाशी गेलो. ओतला नाही. दारात स्टूल घेऊन बसलो आणि तो पेला सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. जिभेच्या टोकावर थोडी आंबट आहे. मध्ये ओल्या दगडाचा वास आहे, आणि त्याच्या मागे, अगदी लांब, मडक्याचा. शेवटी तुरट आहे, पण ती तुरटता दुखवत नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी थोडा वेळ आपली राहत नाही, तेवढीच. मी पुन्हा पेला भरला आणि गोडी शोधली. नीट शोधली. साखर उरली आहे का, तेही मोजून पाहिले. नाही.

म्हणजे ओट्यावर कोयतीवरचा तुमचा हात थांबला, त्याच क्षणी तुम्हाला कळले होते. ‘वाडीचा माणूस’ म्हणून उन्हात उभे राहून परतलेल्या माणसाला न कळण्यासारखे त्यात काही नव्हते. कळल्यावर तुम्ही सहा मैल चालत मुरब्याला गेलात आणि ज्या एका माणसाला ते सांगता येण्यासारखे होते, त्याला जाऊन हे असे सांगितलेत. माझे खोटे ओळखलेत, पण माडाला जसे काढलेले कळू देत नसा, तसे मला कळू दिले नाहीत, बाबा. पन्नास वर्षे नाही.

मुकादमीण मघाशी येऊन गेली. बेसिन कोरडे पाहून तिने विचारले की आज मोरीला उपास का. मी तिला एक पेला दिला. तिने पिऊन तोंड वाकडे केले, मग थांबली, मग उरलेला संपवला. म्हणाली, “तुमच्या बापासारकी झाली का वो?”

मी तिचा पेला घेऊन विसळला. बोंबलांची जुडी खिळ्याला टांगली आहे. हे पत्र घडी करून मी बेसिनखालच्या फळीवर ठेवणार आहे, कारण ते पाठवायला दुसरी जागा नाही. तिला जे सांगता आले नाही, ते तुम्हाला सांगतो, जरी ते तुम्हाला माझ्याआधीच माहीत होते : तुमची ती बाटली मी चाखली नव्हती.